मागच्या सीटवरचा फेस

ताईच्या बाळंतपणाच्या आदल्या दिवशी मी बाबांच्या टॅक्सीत, आतून, दोन बादल्या साबणाचं पाणी ओतलं. गाडी बाहेरून धुतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. ती आतूनही तशीच धुवायची असते, हा शोध माझा एकट्याचा.

तेव्हा आम्ही लालबागला दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं मिलच्या ब्लिचिंग खात्यात घालवली होती, आणि मिल बंद झाल्यावर ते काळी-पिवळी टॅक्सी चालवायला लागले होते. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नापास होऊन घरी बसलो होतो. घरी बसलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीतलं थोडंथोडं कळायला लागतं, तसं मलाही कळत होतं. कुठलाही विषय निघाला की माझं मत तयार असायचं. बाबा ते ऐकून घ्यायचे, ताटातला भात संपवायचे आणि उठून हात धुवायला मोरीत जायचे. मला वाटायचं, त्यांना पटतंय.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं म्हणायचं एवढंच. आदल्या वर्षी आठव्या महिन्यात सासरी असताना तिचं पाणी गेलं होतं. तिला वाटलं असंच काहीतरी असेल, सासूला वाटलं अजून वेळ आहे. दुपार गेली, संध्याकाळ गेली आणि बाळही गेलं. या गोष्टीवर आमच्या घरात कोणी बोलत नसे. पण आई रोज पहाटे उठली की आधी ताईच्या खाटेजवळ जाऊन तिच्या अंथरुणावरून हात फिरवायची, कोरडं आहे ना बघायची, आणि मगच स्टोव्ह पेटवायची. ठाकूरद्वारच्या डॉक्टरीणबाईंनी या खेपेला बजावून सांगितलं होतं : पाणी गेलं की एक मिनिट थांबायचं नाही, आडवं करायचं आणि घेऊन यायचं, किती वाजता गेलं ते लक्षात ठेवायचं, रंग कसा होता ते बघायचं. आईने ते माझ्याकडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतलं. महिनाभर आमच्या दत्तगुरूंच्या पायाशी माझ्या अक्षरात ‘पाणी, वेळ, रंग’ असं लिहिलेलं होतं. येणारेजाणारे विचारायचे, घराला रंग काढताय का?

घरात त्या महिन्यात मासळी बंद होती. ताईला वास सहन होत नव्हता. शेजारच्या खोलीत पाट्यावर वाटणाचा आवाज सुरू झाला की ती पदर नाकाला लावून गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहायची. मालवणी घरात महिनाभर वरण-भात आणि पापड! बाबा काही न बोलता जेवत, फक्त पापड जरा जास्त जोरात मोडत. मी मात्र शेजारच्या काकूंकडे जाऊन सुकटीची चटणी खाऊन यायचो, आणि ताईला दारातच कळायचं. “दिन्या, तोंड धुऊन ये. नाहीतर तिथेच उभा राहा.”

अशात बाबांच्या गाडीत कोलंबी सांडली. भाऊच्या धक्क्यावरून एक गिऱ्हाईक दादरला चाललं होतं, त्याची पिशवी मागच्या सीटवर फुटली. बाबांनी वर्तमानपत्राने पुसून काढलं, पण ऑक्टोबरचे दिवस, गाडी उन्हात उभी. दुसऱ्या दिवशी ताईला तपासणीला न्यायचं होतं. तिने दार उघडलं, एक पाय आत ठेवला आणि तसाच बाहेर काढला.

“बाबा, मी चालत जाईन ठाकूरद्वारला. ह्यात नाही बसणार.”

“अगं, काचा उघडतो ना.”

“काचा नाही, टप काढलात तरी नाही बसणार.”

त्या दिवशी ती दुसऱ्याच टॅक्सीने गेली. बाबांनी स्वतःच्या मुलीसाठी दुसऱ्या माणसाच्या टॅक्सीला हात केला, तेव्हा त्यांचं तोंड कसं झालं होतं ते मी गॅलरीतून पाहिलं. महिनाभर ते पेट्रोलची टाकी भरून, गाडी चाळीच्या दारात रस्त्याकडे तोंड करून लावत होते ते याचसाठी. मला वाईट वाटलं. माझ्या बाबतीत गोष्ट वाईट वाटण्यावर थांबली असती तर बरं झालं असतं.

दुपारी बाबा जेवून आडवे झाले, खुंटीवरची किल्ली मी उचलली. आईचा धुण्याच्या पावडरचा नवा पुडा मोरीच्या फळीवर होता. आमच्या चाळीत साबणाची पारख फेसावर व्हायची. नळावर बायका एकमेकींच्या बादल्यांत डोकावून बघत आणि जिची बादली फेसाने ओसंडत असेल तिला विचारत, कुठली पावडर गं? थोडा फेस म्हणजे थोडा स्वच्छ, जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हे मी लहानपणापासून नळावरच शिकलो होतो. म्हणून पुडा अख्खा ओतला. धुण्यासाठी सकाळीच भरून ठेवलेल्या दोन बादल्या होत्या, निम्मा एकीत, निम्मा दुसरीत.

सीटचं रेक्झिन शिवणीला उसवलेलं होतं. बाबांनी तिथे चिकटपट्टी लावली होती. मी ती काढून टाकली, कारण ती दिसायला वाईट दिसत होती. मग बादली ओतली. पाणी सीटवर क्षणभर थांबलं आणि उसवलेल्या फटीतून आतल्या स्पंजात गडप झालं. मला वाटलं, वा, काय लवकर सुकतंय! कॉलर घासायच्या ब्रशने मी सीट घासली, पायातले रबरी मॅट घासले, क्लच-ब्रेक घासले, स्टिअरिंग घासलं, आणि त्याच साबणात बुडवलेल्या फडक्याने समोरची काच आतून पुसली. गाडीत गुडघाभर फेस झाला होता. रस्त्याने जाणारी पोरं टाळ्या वाजवत होती आणि मी त्यांना हात दाखवत होतो.

आता हे सगळं नंतर साध्या पाण्याने काढायचं असतं. पण आमच्याकडे नळ सकाळी यायचा आणि दहाला जायचा. पिंपातलं पाणी स्वयंपाकाचं, त्याला हात लावला असता तर आईने मलाच पिंपात घातलं असतं. मी बनियन ओलं करून वरवर पुसून घेतलं. रेक्झिन चकचकीत दिसायला लागलं. मग पावडरचा लिंबाचा वास उडून जाऊ नये म्हणून चारही काचा गच्च लावून घेतल्या.

संध्याकाळी बाबा खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली, काचेतून आत बघितलं आणि म्हणाले, “बरी दिसतेय.” नापास झाल्यापासून त्यांनी मला उद्देशून काढलेला हा पहिला बरा शब्द. त्या रात्री मी जेवताना दोनदा भात घेतला.

सकाळी साडेआठच्या सुमारास ताईच्या कळा सुरू झाल्या. आईने बांधून ठेवलेली पिशवी उचलली, बाबा शर्टाची बटणं लावत जिना उतरले, मी ताईला धरून एकेक पायरी खाली आणलं. बाबांनी मागचं दार उघडलं. आतून भिजत ठेवलेल्या पोतेऱ्याचा वास आला, वर थोडंसं लिंबू. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. ताई मात्र नाक मुरडत का होईना, बसली. “कोलंबीपेक्षा बरं,” म्हणाली. आई तिच्या शेजारी आणि मी पुढे बाबांच्या बाजूला.

गाडी मुख्य रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. मग चिंचपोकळीच्या दिशेने तोंड झालं, डावीकडून तिरकं ऊन समोरच्या काचेवर पडलं आणि काच पांढरी झाली. पुसलेला साबण रात्रभरात वाळून त्याचा पातळ थर बसला होता. उन्हात तो दुधासारखा दिसायला लागला. बाबांनी तळव्याने पुसलं. तळव्याच्या घामाने साबण पुन्हा ओला झाला आणि थर पसरला.

“दिन्या, काय दिसतंय पुढे?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे की तुला दिसत नाही?”

मी खिडकीतून मुंडी बाहेर काढली आणि ओरडायला लागलो. डावीकडे बस आहे! सायकल! जरा उजवीकडे घ्या! बाबा माझ्या आवाजावर गाडी चालवत होते, मान एका बाजूला काढून, काचेच्या कोपऱ्यातल्या बोटभर जागेतून बघत. पुढे सिग्नल लाल झाला. मी ओरडलो. बाबांनी ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय ब्रेकवरून सुळकन खाली सरकला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा सरकला. समोर कांद्याची पोती लादलेली हातगाडी होती आणि ती ओढणारा माणूस मागे वळून आमच्याकडे बघत होता. त्याचे डोळे मला अजून आठवतात. तिसऱ्या वेळी बाबांनी चप्पल झटकून टाच रोवली. गाडी थांबली. हातगाडी आणि आमच्या बंपरमध्ये माझा हात मावला असता, बाबांचा मावला नसता.

बाबांनी चपला उचलून माझ्या मांडीवर टाकल्या. “धर,” एवढंच म्हणाले, आणि पुढचा सगळा रस्ता अनवाणी पायाने गाडी चालवली.

त्या धक्क्याने ताई सीटवर मागे रेलली असणार. एकदम तिचा आवाज आला, “आई गं! पाणी!”

आई म्हणाली, “किती वाजले? दिन्या, किती वाजले?”

“आठ पन्नास.”

“गेलं गो बाय. सगळं ओलं झालंय. आडवी हो, आडवी हो.” आईने ताईला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि तिच्या परकराखाली हात घातला. मग तो हात उजेडात धरला. तिला रंग बघायचा होता. मी मागे वळून पाहिलं. आईचा हात ओला होता आणि बोटांच्या बेचक्यांत पांढरा, बारीक बुडबुड्यांचा फेस होता.

“हे कसलं?” आई पुटपुटली. “असं कधी बघितलं नाही गं.” ताईने ते ऐकलं आणि ती रडायला लागली. “गेल्या वेळीपण असंच वाटलं होतं मला काहीतरी. आई, बाळ हलत नाहीये.”

मला त्याच क्षणी कळलं होतं. सीट वरून कोरडी होती, आत दोन बादल्या पाणी होतं, आणि ताईचं वजन पडल्यावर ते शिवणीतून वर येत होतं. पण मग हेही कळलं की मला काहीच कळलेलं नाही. हे सगळं माझंच पाणी कशावरून? त्यात तिचंही असलं तर? समजा मी म्हणालो, काळजी करू नकोस, साबण आहे, आणि आईने ताईला उठवून बसवलं, बाबांनी वेग कमी केला, आणि ते साबणाचं नसलं तर? आणि नाही सांगितलं तर? भायखळा गेलं, नागपाडा गेला, ग्रँट रोड गेला. आता ऊन मागून येत होतं, काच स्वच्छ दिसत होती, माझी काही गरज उरली नव्हती. मी बाबांच्या चपला घट्ट धरून बसलो होतो. माझ्या आयुष्यात माझं मत तयार नसण्याची ती पहिली वेळ. खरं सांगायचं तर त्या वीस मिनिटांत बाळाचं काय होईल यापेक्षा माझं काय होईल याचीच भीती मला जास्त होती. हे लिहिताना आजही पेन अडखळतं.

ठाकूरद्वारच्या एका वाडीत, पहिल्या मजल्यावरच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात एक म्हातारी आया होती, आमच्याच बाजूची, कुडाळकडची. तिने ताईला खाटेवर घेतलं, साडी सारली आणि कपाळाला हात लावला. “अगे बाये, ह्यो फेस कसलो?”

डॉक्टरीणबाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, घाईत कधी न दिसणाऱ्या. आईने घडाघडा सांगितलं : आठ पन्नासला गेलं, भरपूर गेलं, रंग पांढरा. बाईंनी ट्रेमधून लालसर कागदाची एक पट्टी काढली आणि आयाला म्हणाल्या, “हा निळा झाला तर थांबायचं नाही. मागची हिस्टरी आहे. टेबल तयार ठेवायला सांग.” टेबल म्हणजे ऑपरेशनचं टेबल, हे बाहेर पडद्याजवळ उभ्या असलेल्या मलाही कळलं.

मी पडद्याच्या अलीकडूनच ओरडलो, “डॉक्टर, ते साबणाचं असेल!”

पडदा बाजूला झाला. “कोण तू?”

“भाऊ. मी गाडी धुतली काल. आतून. सीटमध्ये पाणी राहिलंय.”

“किती साबण?”

“पुडा.”

“अख्खा?”

मी मान हलवली. दारात बाबा उभे होते, अनवाणी. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

बाईंनी हातातल्या पट्टीकडे पाहिलं आणि ती ट्रेमध्ये परत टाकली. “बाळाभोवतीचं पाणी लागलं की हा कागद निळा होतो. आणि साबण लागला तरी निळाच होतो. कळलं? तू गप्प बसला असतास तर मी हिला आत्ता टेबलावर घेतलं असतं.” मग आयाकडे वळून म्हणाल्या, “मावशी, साध्या पाण्याने स्वच्छ करा. कोरडं कापड द्या. तासाभराने बघू कोरडं राहतंय का.” त्यांनी ताईच्या पोटावर ठोके ऐकायची नळी टेकवली, डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. “ठोके चांगले आहेत,” त्या म्हणाल्या. “पण आज मला सगळं कानाने करावं लागणार, तुझ्या कृपेने.”

तास जाता जात नाही म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकलो. मी बाकावर बसलो. बाबा बसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मला खुणेने बाहेर बोलावलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार, आणि खरं तर बसली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी गाडीची मागची सीट दोन्ही हातांनी उचकटून बाहेर काढली, वाडीच्या भिंतीला उभी लावली आणि खालून फेसाचं पाणी ठिबकायला लागलं. बराच वेळ ठिबकत राहिलं. वाडीतल्या नळाची बादली त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

“मिलच्या खात्यात तासभर साबण चालायचा,” ते म्हणाले. “मग तीन तास नुसतं पाणी. घालणं काही कठीण नाही. काढायचं कधी शिकलास?”

त्यांनी खिशातला रुमाल काढला, भिजवला, खच्चून पिळला आणि रेक्झिनवरून एकाच दिशेने फिरवला. पुन्हा भिजवला, पुन्हा पिळला. साबण लागलाच तर तांब्याभर पाण्यात चिमूटभर, हाताने फेटायचा, आणि फडक्यावर नुसता वरचा फेस घ्यायचा, पाणी नाही. आधी सीटच्या खालच्या कोपऱ्यावर लावून बघायचा, रंग जातो का. मग साधं ओलं फडकं दोनदा, मग कोरडं, आणि दारं सताड उघडी. पायाखालच्या क्लच-ब्रेकच्या पट्ट्यांना आणि स्टिअरिंगला साबण कधीही नाही. काचेला साधं पाणी आणि वर्तमानपत्राचा बोळा. “बोटं घासून बघ,” म्हणाले. “सरकली तर साबण आहे. अडकली की गेला.” हे सगळं ते खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता सांगत होते. मध्येच थांबून वरच्या खिडकीकडे कान देत आणि पुन्हा पिळायला लागत. मी ब्रेकवरून बोटं फिरवत होतो. सरकत होती. पुसलं. सरकत होती. पुन्हा पुसलं.

(आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हल्ली एक मुलगा यंत्राने गाड्यांमध्ये फेस मारतो. मी परवा त्याला थांबवून म्हटलं, बाबा रे, पेडलवर नको मारू. तो म्हणाला, “अंकल, टेन्शन मत लो.” मी तिथेच उभा राहिलो. त्याने पेडल पुसून कोरडे केल्याशिवाय हललो नाही. सौ. वरून हाका मारत होती, तो मुलगा मला वेडा समजत होता. समजू दे.)

तासाभराने आई खिडकीत आली. “कोरडं आहे!” ती ओरडली. बाबांनी मान डोलावली आणि पुन्हा रुमाल भिजवला. म्हणजे पाणी गेलं नव्हतं, म्हणजे अजून जायचं होतं. दुपारी दोनला आई पुन्हा आली. या वेळी ती ओरडली नाही. “आता खरंच गेलं,” म्हणाली. “बाईंनी स्वतः पाहिलं.” बाबांच्या हातातला रुमाल तसाच अर्धवट पिळलेला राहिला. गाडी केव्हाच स्वच्छ झाली होती. मी तरी बोटं घासून बघत होतो, कारण दुसरं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. वरून ताईचा आवाज येत होता, मग मोठा व्हायला लागला, मग मध्येच एकदम थांबला. बाबा टॅक्सीच्या टपावर दोन्ही हात टेकून, डोकं खाली घालून उभे राहिले. वाडीतली एक बाई गॅलरीत तांदूळ निवडत होती. तिचाही हात थांबला.

मग रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं, थांबून थांबून. बाबा जागचे हलले नाहीत. मी जिन्याकडे धावलो, तर वरून आयाच खाली येत होती, लुगड्याला हात पुसत. मला तिथेच जिन्यावर अडवून तिने माझ्या ओल्या शर्टापासून सुरकुतलेल्या बोटांपर्यंत एकदा पाहून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून मागे टॅक्सीपाशी उभ्या असलेल्या बाबांना मायलेकींची खुशाली सांगत म्हणाली :

“चेडू बरा आसा. चेडवाची आवस बरी आसा. ह्या मामाक तेवढो खंय तरी दाखवन घेवा.”